‘कन्व्हर्टेड यॉट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
१८९८च्या स्पेन-अमेरिका युद्धावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. बँकर जे. पी. मॉर्गन यांची ‘कॉर्सेअर’ ही खासगी यॉट अमेरिकी नौदलाने घेतली, तिच्यावर तोफा चढवल्या आणि तिचं नाव ‘ग्लॉस्टर’ ठेवलं. मूळ लेखात तिला ‘कन्व्हर्टेड यॉट’ म्हटलंय. मी ‘रूपांतरित विहारनौका’ लिहिलं, पण दाताखाली खडा आल्यासारखं वाटतं. सरळ ‘युद्धनौका’ लिहू का?

प्रतिसाद:
‘युद्धनौका’ नकोच, त्याने गोष्टीतली सगळी गंमत जाईल. ग्लॉस्टरला चिलखत नव्हतं आणि तोफाही लहान होत्या. तरी ३ जुलै १८९८ला क्युबातल्या सान्तियागो बंदराबाहेर ती ‘फ्युरोर’ आणि ‘प्लुतोन’ या दोन स्पॅनिश विनाशिकांच्या अंगावर गेली. मोठ्या अमेरिकी जहाजांचेही गोळे त्यांना लागले, पण जवळ जाऊन भिडली ती हीच. दोन्ही विनाशिका संपल्या. नंतर स्पॅनिश अॅडमिरल सर्व्हेरा यांना पाण्यातून वाचवून ग्लॉस्टरवरच आणलं गेलं. तिचा कप्तान रिचर्ड वेनराइट. त्याच फेब्रुवारीत हवानात स्फोट होऊन बुडालेल्या ‘मेन’ या अमेरिकी युद्धनौकेवर तो दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी होता. श्रीमंताची सैर करायची बोट हे सगळं करते, हे वाचकाला कळायला हवं. ‘सशस्त्र यॉट’ लिहा.

प्रतिसाद:
सहमत. ‘विहारनौका’ म्हटलं की मला महाबळेश्वरचा वेण्णा तलाव दिसतो. ही तर समुद्रात जाणारी, वाफेवर चालणारी, १८९१ साली फिलाडेल्फियात बांधलेली बोट. ‘यॉट’ तशीच राहू द्या, मराठी वाचकाला ती कळते. वर्तमानपत्रं मात्र यॉट आणि क्रूझ यांची सरमिसळ करतात. तिकीट काढून जाता येतं ती क्रूझ.

जाता जाता: ‘यॉट’ मूळ डच शब्द, पाठलाग किंवा शिकार करण्याशी जोडलेला. म्हणजे आधी वेगवान पाठलागाची बोट, चैनीचा अर्थ नंतरचा. १६६०मध्ये अॅमस्टरडॅमने इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला ‘मेरी’ नावाची यॉट भेट दिली, तेव्हापासून इंग्रज दरबारात तिचा शौक वाढला. आणि ‘कॉर्सेअर’ म्हणजे समुद्री लुटारू, आपला चाचा! बँकरने स्वतःच्या बोटीला असं नाव द्यावं, म्हणजे विनोदबुद्धी तरी होती किंवा प्रामाणिकपणा.

प्रतिसाद:
माझा आक्षेप ‘रूपांतरित’पेक्षा ‘घेतली’ला आहे. घेतली कशी? ग्लॉस्टर विकत घेतली होती, तर ‘नौदलाने खरेदी केली’ लिहा. बरेच अनुवादक सरसकट ‘अधिग्रहण’ ठोकून देतात, ते इथे चूक. अधिग्रहण म्हणजे युद्धकाळात सरकारने हक्काने ताब्यात घेणं. तिसरी तऱ्हा भाड्याची: मार्जोरी मेरीवेदर पोस्ट या धनाढ्य अमेरिकी बाईंची ‘सी क्लाउड’ ही चार डोलकाठ्यांची यॉट १९४२मध्ये सरकारला वर्षाला एक डॉलर भाड्याने दिली गेली. डोलकाठ्या उतरवल्या, करडा रंग फासला आणि तिला हवामानाच्या नोंदी घेणारं जहाज केलं. पुढे कार्लटन स्किनर या कप्तानाने तिच्यावर गोऱ्या आणि काळ्या खलाशांना एकत्र काम करायला लावलं. अमेरिकी सैन्यदलं तेव्हा वर्णभेद पाळत होती.

प्रतिसाद:
ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांचं ‘लॉयल्टी’ यात बसेल का? पहिल्या महायुद्धात ते इस्पितळ-जहाज होतं.

प्रतिसाद:
नाही. ते मुळात ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे प्रवासी जहाज. महाराजांनी विकत घेऊन त्याचं इस्पितळ केलं. पुढे ५ एप्रिल १९१९ला मुंबईहून लंडनला निघालेलं, सिंदिया या भारतीय जहाज कंपनीचं पहिलं जहाज तेच. मोठी गोष्ट आहे, पण यॉटची नाही.

प्रश्नकर्ती:
आभार. आता असं केलंय: ‘मॉर्गन यांची यॉट नौदलाने खरेदी केली आणि तोफा बसवून तिला युद्धासाठी सज्ज केलं.’ पुढे ग्लॉस्टर ‘आली’ की ‘आलं’?

प्रतिसाद:
आली. यॉट ती, नौका ती, बोटही ती. जहाज आणि गलबत मात्र ते. एकाच परिच्छेदात दोन्ही वापरलंत तर वाचक दोन बोटी शोधत बसेल.