बी.कॉम.नंतर नर्सिंग: मधला रस्ता कोणता? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

बी.कॉम. होऊन बरीच वर्षं झाली, नोकरी अकाउंट्समध्ये. आता नर्सिंगची पदवी घ्यायचं मनाने घेतलंय. आईच्या आजारपणात वॉर्डात राहिलो तेव्हा हे काम जवळून पाहिलं. ५०० मिली सलाईन चार तासांत जायला हवं होतं. सिस्टरनी सेटचं पाकीट बघितलं, २० थेंबांना एक मिली, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब, आणि घड्याळाकडे बघत नळीवरचं चाक हळूहळू फिरवलं. तेवढ्यात आईच्या पायावरची सूजही बोटाने दाबून पाहिली. (ताळेबंदापेक्षा हा हिशेब मला जास्त आवडला. हसू नका.)

अमेरिकेत इतर शाखांच्या पदवीधरांसाठी बी.एस.एन.चा (नर्सिंगच्या पदवीचा) साधारण ११ ते १८ महिन्यांचा वेगवान कोर्स असतो, त्यानंतर आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स, होण्यासाठीची एनसीलेक्स-आरएन परीक्षा. पण त्याआधी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स असे विषय पूर्ण केलेले लागतात. माझ्याकडे त्यातलं फक्त स्टॅटिस्टिक्स, तेही जुनं. इतके जुने क्रेडिट (आधी पास केलेल्या विषयांचे गुणांक) कॉलेजं धरतात का? की सगळं पुन्हा? शिवाय थेट मास्टर्सला प्रवेश देणारेही कोर्स दिसतात, ते बघून गोंधळ वाढलाय. आणि मुख्य म्हणजे, या कोर्सबरोबर अर्धवेळ नोकरी कोणी निभावली आहे का?

प्रतिसाद १:

वेगवान कोर्स करताना नोकरीचा विचार सोडा. तुमच्या पदवीमुळे भाषा, समाजशास्त्र असले विषय सुटतात, वॉर्डातले तास सुटत नाहीत. युरोपीय संघात तर किमान ४६०० तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यातले निदान निम्मे प्रत्यक्ष रुग्णांजवळ. म्हणजे तेच काम कमी महिन्यांत कोंबलेलं असतं. सकाळी सातची क्लिनिकल (वॉर्डातलं प्रशिक्षण) असेल तर आदल्या रात्री केअर प्लॅन, म्हणजे रुग्णाच्या देखभालीचा आराखडा, लिहीत बसायचं.

विज्ञानाचे जुने क्रेडिट बरीच कॉलेजं नाकारतात. स्टॅटिस्टिक्सचं कॉलेजलाच लेखी विचारा, तोंडी 'चालेल'वर जाऊ नका. मास्टर्सचं म्हणाल तर आधी आरएनची नोंदणी कधी मिळते ते बघा, ती नसेल तर पदवीचा उपयोग नाही.

नोकरी सोडण्याआधी काही महिने केअर असिस्टंटचं काम करून बघा. अंथरूण बदलणं, बेडपॅन, रात्रपाळी. सलाईनचा हिशेब त्यात फार थोडा असतो.

धागाकर्ता:

धन्यवाद! बेडपॅनची तयारी आईमुळे झाली आहे. रात्रपाळीचं मात्र बघावं लागेल. केअर असिस्टंटसाठी आधी कुठलं प्रमाणपत्र लागतं का?