आधी कृपा, मग सत्कर्म

कॅथलिक लोक पुण्य साठवून देवापुढे नीतिमान, म्हणजे त्याला मान्य, ठरू पाहतात, असं या चर्चेत एकाने लिहिलंय. वसईत वाढलेला कॅथलिक म्हणून मला हे मुळीच पटत नाही. १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या धर्मसभेने, स्पष्टच सांगितलं की, नीतिमान ठरवणारी कृपा, म्हणजे देवाची फुकट मिळणारी देणगी, कोणालाही आधी कमावता येत नाही, ना श्रद्धेने ना कर्माने. आमच्याकडचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, बघा. पांढऱ्या झबल्यातलं महिन्याभराचं पोर, डोक्यावर पाणी पडताच भोकाड पसरतं. त्याच्या गाठीशी कसलं आलंय पुण्य? तरी देव त्याला आपलं म्हणतो!

खरा वाद पुढचा आहे. प्रॉटेस्टंटांचा भर देवाच्या निवाड्यावर: ख्रिस्तामुळे पापी नीतिमान गणला जातो. ट्रेंट म्हणतं, देव त्याला आतूनही नवा करतो. ३१ ऑक्टोबर १९९९ला आउग्सबुर्ग इथे लुथरन (मार्टिन ल्युथरच्या परंपरेतले प्रॉटेस्टंट) आणि कॅथलिकांनी याच विषयावरच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: देव माणसाला स्वीकारतो तो केवळ कृपेने, आणि तीच कृपा सत्कर्मांना उभं करते. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण शतकांची कटुता निवळली, हे मला फार मोलाचं वाटतं.

वेंगुर्ल्याकडच्या प्रॉटेस्टंट मंडळींनी त्यांच्याकडे हे कसं शिकवतात ते जरूर लिहावं.