घरी जोडलेला संगणक आपोआप बंद पडतो तेव्हा : किनारपट्टीवरचे अनुभव

रत्नागिरी

गेल्या आषाढात माझा सुटे भाग आणून घरी जोडलेला संगणक दिवसातून दोन-तीनदा अचानक बंद पडू लागला. आमचे घर भाट्याच्या खाडीपासून फार लांब नाही, आणि पावसाळ्यात खिडकीच्या कडीकोयंड्यावर आठवड्याभरात गंज दिसू लागतो. मी आधी रॅम बदलली, नंतर एसएमपीएस (आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) बदलला, विंडोजही पुन्हा भरले. जवळजवळ सात हजार रुपये खर्च झाल्यावर दोष सापडला तो मदरबोर्डच्या, म्हणजे मुख्य बोर्डाच्या, २४ पिनांच्या वीजजोडणीत. तिथल्या दोन पिनांवर हिरवट थर साचला होता आणि प्लास्टिक किंचित तपकिरी पडले होते. मी सुटे भाग बदलत गेलो, पण संगणक नेमका कसा बंद पडतो याकडे नीट पाहिलेच नाही. तसे पाहिले असते, तर निम्मा खर्च वाचला असता.

म्हणून हा चर्चेचा धागा. वर आपल्या गावाचे नाव घालून आपापले अनुभव सविस्तर लिहावेत, पण एक विनंती आहे. काय बदलले हे नंतर सांगा, आधी संगणक कसा गेला ते सांगा. पडद्यावर ‘शटिंग डाउन’ असे येऊन तो रीतसर बंद झाला, की वीज गेल्यासारखा क्षणात गेला? गेल्यावर स्वतःहून पुन्हा सुरू झाला, की बटण दाबूनही हलला नाही? त्या वेळी घरात आणखी काय चालू होते, आणि हवा कशी होती? विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसली की बरेच जण तेच निदान समजतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ (विंडोज कोलमडल्याचे कारण सांगणारा आकडा) शून्य असेल, तर बहुतेक वेळा विंडोजला काही लिहून ठेवायलाही अवधी मिळालेला नसतो, आणि मग शोध विजेच्या बाजूने सुरू करणे योग्य ठरते.

देवगड

आमची हापूसची बाग आहे आणि विहिरीवर तीन अश्वशक्तीचा सिंगल फेज पंप आहे. संगणक क्षणात जायचा आणि लगेच स्वतःहून सुरू व्हायचा. मी पंधरा दिवस वहीत वेळा लिहून ठेवल्या, तेव्हा लक्षात आले की सकाळी सहा-साडेसहाला आणि संध्याकाळी, म्हणजे झाडांना पाणी सोडण्याच्या वेळेलाच हे घडते. संगणकाची पिन ज्या स्विचबोर्डात असते तिथे मल्टिमीटर लावून मुलाला पंप सुरू करायला सांगितले, तर २२६ व्होल्टवरून आकडा क्षणभर १६० च्या खाली उतरला. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, आणि आमच्या घराला येणारी वायर खांबापासून बरीच लांब आहे. माझ्या एसएमपीएसवर १८० ते २६४ व्होल्ट असे छापलेले होते, पण ते मी तोवर कधी वाचले नव्हते.

इन्व्हर्टर असूनही उपयोग का होत नाही, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडला होता. त्याच्या मागे ‘नॉर्मल’ आणि ‘यूपीएस’ असे दोन पर्याय असलेले बटण होते आणि ते ‘नॉर्मल’वर होते. तिथे इन्व्हर्टर विजेचा बराच कमी दाब (व्होल्टेज) खपवून घेतो आणि बॅटरीवर जाण्यासही जास्त वेळ लावतो. आपल्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, आणि चांगला एसएमपीएस पूर्ण भार असताना विजेविना साधारण १६-१७ मिलिसेकंद, म्हणजे एका आवर्तनाहूनही कमी, तग धरतो; इन्व्हर्टर त्याहून उशिरा बॅटरीवर गेला की संगणक जातो. आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) जुने झाले की हा अवधी आणखी घटतो. बटण ‘यूपीएस’वर केले आणि पंपाची वायर मीटरपासून स्वतंत्र घेतली. त्यानंतर दोन हंगाम गेले, संगणक एकदाही बंद पडलेला नाही.

रत्नागिरी

देवगडकरांनी वेळा लिहून ठेवल्या हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे संध्याकाळचा दाब सकाळपेक्षा वेगळा असतो, आणि दुरुस्तीवाल्याच्या दुकानात नेलेला संगणक तिथे दिवसभर बिनतक्रार चालतो, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

मालवण

माझा व्यवसाय पाण्याखालच्या चित्रीकरणाच्या संकलनाचा आहे. पर्यटकांना त्याच दिवशी चित्रफीत द्यायची असते, त्यामुळे ऑक्टोबर ते मे संगणकाला विश्रांती नसते. तो बंद पडायचा तो केवळ निर्यात, म्हणजे तयार चित्रफितीची फाइल काढणे, सुरू केल्यावर, पहिल्या दहा-वीस सेकंदांत. प्रोसेसर ७० अंशांच्या आसपास आणि ग्राफिक्स कार्डही (चित्रे हाताळणारा वेगळा बोर्ड) थंड, म्हणून उष्णतेचा संशय मी सोडून दिला. खरी खूण वेगळीच होती. बंद पडल्यावर पुढचे बटण कितीही वेळा दाबले तरी काही होत नसे, पण एसएमपीएसचे मागचे बटण बंद करून अर्धा मिनिट थांबले की तो विनासायास सुरू होई. एसएमपीएसच्या आतल्या संरक्षक व्यवस्थेने स्वतःला कुलूप लावून घेतले की असे होते. वीज पूर्ण तोडल्याशिवाय ते कुलूप उघडत नाही.

आजकालची ग्राफिक्स कार्डे सरासरीने कमी वीज घेत असली, तरी काही क्षणांपुरती त्याच्या जवळपास दुप्पट मागतात. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात एसएमपीएसने असे झटके सोसावेत अशी तरतूद मुद्दाम केली गेली. माझा ५०० वॅटचा एसएमपीएस त्याआधीचा, सहा वर्षे चाललेला होता, आणि त्यावर कहर म्हणजे कार्डाच्या दोन्ही जोडण्या मी एकाच वायरीच्या दोन तोंडांवरून दिल्या होत्या. नवा घेण्याआधी एक चाचणी केली, ती सर्वांनी करून पाहावी. कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून ७० टक्क्यांवर आणली. चार दिवस पूर्ण काम झाले आणि एकदाही बंद पडला नाही. मग निःशंक मनाने ७५० वॅटचा एसएमपीएस घेतला आणि कार्डाला दोन स्वतंत्र वायरी दिल्या.

कुडाळ

मुलाचा संगणक खेळ सुरू केल्यावर वीस मिनिटांनी बंद पडत असे. आधी तो मंद होई, मग पंखा जोरात वाजू लागे आणि शेवटी सगळे थांबे. आमच्याकडच्या तांबड्या धुळीचा जाड थर पंख्यावर होता, तो मी ब्रशने काढला, तरी एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तापमान शंभराच्या घरातच राहिले. शेवटी आडवा ठेवून पाहिला, तर प्रोसेसरवरच्या पंख्याच्या चार प्लास्टिकच्या खुंट्यांपैकी एक बोर्डातून वर आलेली होती आणि प्रोसेसरची उष्णता वर पोहोचवणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. खुंटी बसवून नवी पेस्ट लावल्यावर तापमान ७४ वर आले. खर्च झाला अडीचशे रुपये.

गुहागर

मी वायरमन आहे, म्हणून अर्थिंगविषयी लिहितो. संगणकाच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात अशी तक्रार दर उन्हाळ्यात येते. एसएमपीएसच्या तोंडाशी जी गाळणी असते, तिच्यातले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याशी जोडलेले असतात, आणि अर्थिंग नसेल तर पत्रा पुरवठ्याच्या जवळपास निम्म्या दाबावर तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण टेस्टर पेटतो. आपल्याकडचा जांभा वैशाखात इतका कोरडा होतो की पावसाळ्यात ठीक असलेले अर्थिंगही तेव्हा काम करत नाही. नुसते अर्थिंग नाही म्हणून संगणक बंद पडेल असे मी म्हणणार नाही. मात्र पेनड्राइव्ह लावताना किंवा छपाईयंत्राची वायर जोडताना तो एकाएकी पुन्हा सुरू होत असेल, तर आधी अर्थिंग मोजावे. तिसरी पिन तोडून दोन पिनांवर संगणक चालवणारी घरे मी पाहिली आहेत. कृपा करून तसे करू नका. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरून उन्हाळ्यात दर आठवड्याला कळशीभर पाणी घाला.

हर्णै

माझा संगणक रीतसर बंद होत असे, ‘शटिंग डाउन’ दाखवून, जणू कोणीतरी बटण दाबले आहे. कधी कधी सुरू केल्यावर चार-पाच सेकंदांत विझायचा. दोन दुकानांतून तो निर्दोष म्हणून परत आला. मग या दोन लक्षणांवरच विचार केला. बटण दाबल्यावर रीतसर बंद होणे आणि चार सेकंद दाबून धरल्यावर तत्काळ बंद होणे, हे दोन्ही त्या एकाच बटणाचे काम आहे. खोक्याचे पुढचे आवरण काढले, तर खाऱ्या हवेने बटणाची स्प्रिंग गंजली होती आणि बटण आतच अडकून राहत होते. मदरबोर्डवरून त्याची दोन टोके काढली आणि रीसेट बटणाची टोके त्या जागी लावली. आज दीड वर्ष मी रीसेटच्या बटणानेच संगणक सुरू करते.

श्रीवर्धन

मी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले, त्यामुळे हवेचा मुद्दा जरा विस्ताराने मांडतो. शुद्ध मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि ते तर साधारण ३३ टक्क्यांपासूनच ओल धरते. वाऱ्याबरोबर आलेले हे मीठ पंखा आत ओढतो आणि ते धुळीत मिसळून बोर्डावर बसते. डिसेंबरात ती धूळ कोरडी असते, म्हणून काही बिघडत नाही. जूनपासून हवेतली आर्द्रता दिवसच्या दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते, तेव्हा तीच धूळ ओली होऊन वीज वाहून नेऊ लागते, आणि जिथे प्रवाह पोहोचू नये अशा दोन टोकांमध्ये चोरवाट तयार होते. संगणक फक्त पावसाळ्यातच का बिघडतो आणि दिवाळीनंतर आपोआप बरा का होतो, याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते.

चालू संगणक गरम असतो, त्यामुळे तो स्वतःला कोरडा ठेवतो. धोका असतो तो आठ-दहा दिवस बंद राहिलेल्या संगणकाला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा छपराची कौले गेली आणि त्यानंतर पुष्कळ दिवस वीज नव्हती. वीज आल्यावर संगणक सुरू केला, तो दर पाच मिनिटांनी बंद पडू लागला. मी तो उघडला, रॅम आणि कार्ड काढले, आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ ब्रशने मदरबोर्ड पुसला, जोडण्यांच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने साफ केल्या आणि दोन दिवस कोरड्या खोलीत पंख्याखाली ठेवला. त्यानंतर तो तीन वर्षे चालला. आता पावसाळ्यात काम नसले तरी रोज तासभर संगणक सुरू ठेवतो, आणि तो समुद्राकडच्या खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीला ठेवला आहे.

चिपळूण

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमचा संगणक चिखलात बुडाला. एवढेच सांगतो, की पुरात गेलेला एसएमपीएस वाळवून पुन्हा वापरू नका. माझा एक महिना चालला, अधूनमधून बंद पडत राहिला आणि शेवटी धूर सोडून गेला. तो स्वतः उघडूही नये, कारण आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब वायर काढल्यानंतरही काही काळ टिकून राहतो.

वेंगुर्ला

माझे कोडे अजून सुटलेले नाही, म्हणून आतापर्यंतची नोंद लिहिते. क्षणात जातो, स्वतःहून सुरू होत नाही, पण बटण दाबताच सुरू होतो. बगचेक कोड शून्य. रॅम तपासणारे मेमटेस्ट ८६ प्लस रात्रभर चालवले, चार फेऱ्यांत एकही चूक नाही. तापमान ६५ च्या वर जात नाही. वरची सगळी लक्षणे ताडून पाहिली, तेव्हा एक गोष्ट आज प्रथमच लक्षात आली. माझ्या टेबलामागचा एक्स्टेन्शन बोर्ड ज्या सॉकेटवर आहे, त्याची वरची पिन हलवली की आत बारीक करकर ऐकू येते, आणि त्याच भिंतीच्या पलीकडे स्वयंपाकघरातला फ्रिज आहे. आज संध्याकाळी दुसऱ्या खोलीतून सरळ वायर आणून संगणक त्यावर चालवणार आहे, आणि फ्रिज कधी सुरू होतो त्या वेळाही वहीत लिहिणार आहे. आठवड्याने पुन्हा इथेच लिहीन.