विंडोज ११ टाकल्यापासून फोटो एडिटिंग रखडतंय, सल्ला हवा

तारकर्लीवाला:
मालवणात फोटोग्राफी करतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून लॅपटॉपवर ११ टाकलं. तेव्हापासून एडिटिंग सॉफ्टवेअर नुसतं रांगतंय. एक्स्पोजरचा स्लायडर सरकवला की फोटो अडखळत बदलतो. पुढची रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ फाइल) उघडली की आधी धूसर, मग सावकाश स्पष्ट. रॅम १६ जीबी, ग्राफिक्स कार्ड वेगळं ४ जीबीचं, फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर. तुळशीचं लग्न लागलं, ऑर्डरी सुरू झाल्यात. नवीन लॅपटॉप घेऊ, की डार्कटेबल हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर वापरून बघू? ते फुकट आहे.

गजाली:
लॅपटॉप कित्याक घेतंस? कॅटलॉग (फोटोंच्या एडिटिंगची नोंद-फाइल) खंय ठेवलंस ता आधी सांग.

तारकर्लीवाला:
सी ड्राइव्हवर, पिक्चर्स फोल्डरात.

देवगड_हापूस:
मग टास्कबारवर ढगाचं चिन्ह सारखं फिरतंय का बघा. पिक्चर्सचा क्लाउड बॅकअप चालू असेल तर कॅटलॉगसोबत साठणाऱ्या प्रीव्ह्यूच्या हजारो बारीक फायली आपलं नेट दिवसभर वर ढकलत बसतं. सॉफ्टवेअर बंद करून कॅटलॉगचं अख्खं फोल्डर तिथून हलवा.

पण स्लायडर अडखळतोय म्हणजे माझा संशय ड्रायव्हरवरच, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर्स. कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण असेल तर ते कामच करत नाहीये, सगळा भार दुसरीकडे. ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. एनव्हिडियाचं असेल तर 'स्टुडिओ' नावाचा. मग सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन सॉफ्टवेअरला 'हाय परफॉर्मन्स' द्या.

डार्कटेबल झकास आहे, मी किल्ल्याचे फोटो त्यावरच करतो. पण त्याचं ओपनसीएलही (ग्राफिक्स कार्डाकडून काम करून घ्यायची सोय) याच ड्रायव्हरवर चालतं. शिवाय जुनं एडिटिंग तिथे जसंच्या तसं येत नाही. ऐन सीझनमध्ये हा उद्योग नको.

कुडाळ_जंक्शन:
थोड्या रॉ फायली लॅपटॉपच्या एसएसडीवर (आतल्या वेगवान डिस्कवर) कॉपी करून नव्या कॅटलॉगमध्ये उघडा. तिथे पळालं तर घोळ डिस्कचा किंवा जुन्या कॅटलॉगचा. अपग्रेडनंतर इंडेक्सिंगही (शोधासाठी फायलींची यादी बनवणं) चालू असतं, रात्रभर चार्जरला लावून ठेवा. लाइट टिकली तर! १० दिवसांच्या आत रिकव्हरीतून विंडोज १० वर परतता येतं, पण तो शेवटचा उपाय.

तारकर्लीवाला:
त्रिकोण होता! ड्रायव्हर टाकला, स्लायडर सुरळीत झाला. फोटो बदलताना मात्र अजून थांबतंय.

कुडाळ_जंक्शन:
मग डिस्कच. चालू कामाच्या फायली एसएसडीवर घ्या, अल्बम दिला की हार्ड डिस्कवर टाका.