रोजगार हमीचा कायदा एकमताने कसा झाला?

अभ्यासू_पुणे:
रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे यांच्याबद्दल वाचतोय. १९७७ साली रोजगार हमीचं, म्हणजे गावात मागेल त्याला काम देण्याचं, विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळात एकमताने मंजूर झालं. आणीबाणी नुकतीच उठलेली, काँग्रेस, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष), समाजवादी, कम्युनिस्ट यांच्यात विस्तव जात नव्हता. तरी हे जमलं कसं?

सांगोलेकर:
प्रत्येकाची नड त्यात अडकली होती. ७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची, मी आठ वर्षांचा, शेजारी बसून असायचो. दुपारी सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक खाऊ, मिळायची. ७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. इतके मजूर एकदा हजेरीपटावर आले की कुठल्याच आमदाराला त्यांच्याकडे पाठ फिरवता येत नाही. आमचे आमदार गणपतराव देशमुख शेकापचे. कामाचा हक्क ही डाव्यांची जुनी मागणी, ती कायद्यात येत होती. आणि ज्यांच्याकडे जमिनी, त्यांना पाणी जमिनीत मुरवणारे पाझर तलाव, रस्ते, नालाबंडिंग (ओढ्यांवर बांध) हवं होतं. आमच्या गावच्या तलावानं खालच्या अंगाच्या विहिरी भरल्या. आईच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. हे मला अजून सलतं.

ठाणे_वेस्ट:
पण शहरी आमदारांचं काय? व्यवसाय कर १९७५ पासून पगारातून कापतात, तो याच योजनेसाठी लावला होता. ते कसे तयार झाले?

सांगोलेकर:
दुष्काळात गावंच्या गावं मुंबईच्या फुटपाथवर उतरायची. गावात काम मिळालं तर तो लोंढा थांबणार होता. शिवाय करातून जमेल तितकीच रक्कम सरकारनं आपल्याकडून घालायची ठरलं, म्हणून पैशावरून फाटलं नाही. आणि पाग्यांनी आधी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला ही योजना राबवून दाखवली होती. विधान परिषदेचे सभापती म्हणून सगळ्या बाकांवर त्यांचा शब्द चालायचा. माझ्या मते हे नसतं तर बाकीच्या नडी एकत्र आल्या नसत्या.

अभ्यासू_पुणे:
कायदा आल्यावर तुमच्या गावात काही बदललं?

सांगोलेकर:
२६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. नवं काम सुरू व्हायला ५० मजूर लागायचे. आईला सही येत नव्हती, पण अर्ज घेऊन तीच दारोदार फिरली. माझ्या हातात शाईचा पॅड. शेकापच्या घरातले अंगठे घेतले, काँग्रेसच्याही. त्या दोन आळ्यांचं तेव्हा लग्नकार्यालाही जाणं-येणं नव्हतं.