वाचून दाखवणारं एक्स्टेंशन आयटीवाल्या सरांनी उडवलं, आता या दोन मुलांचं काय करू?

निळीशाई:
नमस्कार मंडळी, मी आठवीला शिकवते. वर्गात एका मुलीला खूप कमी दिसतं आणि एका मुलाला डिस्लेक्सिया आहे, वाचायला बसला की दोन ओळींतच दमतो पण ऐकलेलं सगळं डोक्यात राहतं. म्हणून वर्गातल्या लॅपटॉपवर मजकूर वाचून दाखवणारं एक फुकट एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) टाकलं होतं, तीन आठवडे मस्त चाललं आणि परवा आमच्या आयटीवाल्या सरांनी न सांगता काढून टाकलं. विचारलं तर "सेफ नाही मॅडम" एवढंच. डोकं फिरलंय माझं. खरंच त्यात काही धोका असतो की उगाच?

कुलूपकिल्ली:
मॅडम, मी त्या एक्स्टेंशन उडवणाऱ्यांच्याच जमातीतला :) न सांगता काढलं हे चूकच. पण टाकताना त्याने "सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे" अशी परवानगी मागितली असणार, ती आपण कुणीच वाचत नाही, आणि त्याच लॅपटॉपवर मुलं मेल उघडतात, तुम्ही मार्क भरता. आज चांगलं असलेलं उद्या कुणी विकत घेतलं तर? 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं लाखो लोक वापरायचे ते एक्स्टेंशन असंच दुसऱ्याच्या हातात गेलं आणि २०२१ मध्ये गुगलला मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) म्हणून बंद करावं लागलं.
तुमचं काम त्याच्याशिवाय होतं. एज ब्राउझरमध्ये पान उघडून कंट्रोल शिफ्ट यू दाबा, वाचायला लागेल, मराठी आवाज पण आहेत (त्यांना नेट लागतं). त्या मुलीसाठी विंडोज की आणि अधिकचं चिन्ह दाबलं की मॅग्निफायर येतो.

कानांनीवाचतो:
मी स्वतः अंध आहे, कॉलेजपासून एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतोय. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००६ पासून चालू आहे, आणि त्यातल्या ईस्पीक या बोलणाऱ्या इंजिनाचा मराठी आवाज नेट नसतानाही चालतो. आवाज रोबोटसारखा आहे, सवय होते. फक्त त्यांच्या अधिकृत साइटवरूनच घ्या.
पण ताई, सॉफ्टवेअर राहू द्या, तुमच्या फायली आधी बघा. पानांचे फोटो काढून पीडीएफ केलं असेल तर आमच्यासाठी ते कोरं पान. माउसने मजकूर सिलेक्ट होतो का बघा, होत नसेल तर ते चित्र आहे. सिलेक्ट झाला तर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसला तर फॉन्ट जुना आहे, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरना कळणारी अक्षरांची पद्धत) नाही. एकदा मला इतिहासाचा अख्खा धडा असाच ऐकू आला होता, "ब्रॅकेट डॉलर एम स्लॅश" :D
आणि कुलूपकिल्ली सर, तुमच्या लोकांना एक सांगा, परीक्षेसाठी सगळं लॉक करणारा ब्राउझर लावता तेव्हा आमचा स्क्रीन रीडर पण लॉक होतो, आणि लॉगिनला "ट्रॅफिक सिग्नल असलेले चौकोन निवडा" हे आम्ही कसं करायचं?

कुलूपकिल्ली:
हे मान्य. परीक्षेआधी त्याच मुलाला बसवून एकदा ट्रायल घ्यायला हवी, आम्ही ती घेत नाही.

एकआई:
मधेच बोलते. माझ्या मुलाच्या वर्गाची एक शीट होती, लिंक असलेला कुणीही बघू शकेल अशी, आणि त्यात कुठल्या मुलाला काय अडचण आहे त्याचा वेगळा कॉलम! महिनाभर मुलं त्याला चिडवत होती आणि आम्हाला कळेना यांना कुणी सांगितलं. मॅडम तुम्ही तुमची शीट आजच बघा, व्हायरसबियरस नंतर.

निळीशाई:
बाप रे, माझी पण लिंकवालीच होती, आत्ता बंद केली आणि तो कॉलम काढून टाकला. एजमध्ये वाचतंय मस्त, मुलगा म्हणाला आधीच्यापेक्षा बाई बरी बोलते. पण कानांनीवाचतो दादा, तुमची नोटपॅडची युक्ती केली, माझ्या सात वर्षांच्या नोट्स सगळ्या श्रीलिपीत, म्हणजे त्याच जुन्या फॉन्टमध्ये. परत टाइप करायच्या का?

कानांनीवाचतो:
नाही हो, कन्व्हर्टर असतात. फक्त रफार आणि जोडाक्षरं बिघडतात त्यामुळे नंतर एकदा तपासावं लागतं. त्या मुलाला ऐकायला बसवा, चुकलेलं तो बरोब्बर पकडेल.