मोरी : घरातली आणि दर्यातली

माहेर मालवण : गणपतीत भजन आटोपलं की वाडीतल्या पोरांना मी कोडी घालते. यंदा एक उच्चार, दोन अर्थ अशा शब्दांची केली. त्यातलं एक, 'घरात असते तर घासतात, दर्यात असते तर पकडतात.' उत्तर मोरी. पुण्याहून आलेल्या भाचीने ते बाद ठरवलं. मोरी म्हणजे भांडी घासायची जागा, माशाला शार्क म्हणतात, म्हणे. माझ्या आईने जन्मभर मोरीवर कढत पाणी ओतून, ती वाळूसारखी खरखरीत कातडी सुरीने खरवडून मोरीचं मटण केलं. तो शब्दच नाही? बोलीतला अर्थ कोड्यात धरतात की नाही, सांगा.

दापोलीकर : धरायचाच. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात शब्दापुढे (कों.), (राजा.), (कु.) म्हणजे कोकण, राजापूर, कुडाळ अशा खुणा आहेत. प्रांत सांगून शब्द आत घेतला, बाहेर नाही ठेवला. रस्त्याखालची मोरी राहिली बघा, म्हणजे अर्थ तीन झाले.

निवृत्त मास्तर : ताई, हा श्लेष नव्हे एवढं मुलांना सांगा. 'हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस' यात एकाच वाक्यात पाणी आणि आयुष्य दोन्ही आहेत. तुमच्या दोन मोऱ्या मुळात वेगळ्या. शिवाय कोडं कानासाठी की कागदासाठी, ते आधी ठरवा. दिन आणि दीन कानाला सारखेच लागतात, पण १९६२च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे लिहायचे वेगळे. उलट 'तो जात आहे' आणि माणसाची जात, कागदावर एक, पण ज चे उच्चार दोन. 'जरा थांब' आणि म्हातारपणाची जरा, तसंच.

वेंगुर्ल्याहून : आमची 'तर', म्हणजे खाडीतली होडी, घ्या ना! आजोळी जाताना खाडी तरीने ओलांडायचो. घाटावरच्या मित्राला तरी म्हटलं की मिसळच दिसते. छान कोडं होईल.

दापोलीकर : नाही होणार. होडीचा मूळ शब्द 'तर', विभक्ती लागल्यावर 'तरी'. मूळ रूपच जुळायला हवं, नाहीतर काहीही कशाशीही जुळवता येईल.

वेंगुर्ल्याहून : मग भाऊ आणि भाव? 'भावाने सुरमई घेतली', 'याच भावाने घे'. मूळ रूपं वेगळी, बाजारात रोज एकच ऐकू येतं. माणसं मूळ रूपात बोलत नाहीत हो.

मास्तर : हा मुद्दा मला पटला. कानाचं कोडं असेल तर चालेल.

दापोलीकर : मला नाही पटला.

सावंतवाडी-पणजी : आजी कोड्याला हुमाण म्हणायची. गोव्यात हुमण म्हणजे माशाची आमटी. दोन्ही रटरटत ठेवावी लागतात, तेव्हा कुठे उतरतात. मला तर मूळ एकच वाटतं.

मास्तर : नाद सारखा म्हणून मूळ एक धरू नका, मोरीचंच उदाहरण वर आहे. कोड्याला मराठीत उमाणा असाही शब्द आहे, हुमाण त्याच्या घरातलं. आमटीशी नातं नाही.

सावंतवाडी-पणजी : ह कुठून आला मग?

माहेर मालवण : भाची मोरीवर अडूनच आहे. पण भावाचं कोडं तिने वहीत उतरवून घेतलं. त्या ह चं सांगा ना कुणीतरी, मलाही हवंय.